एसी चालू, पण गार हवा पायावर! गॅस भरण्याआधी जुन्या गाडीत हे तपासा

कन्नड : मे महिन्यातली दुपार. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात दाखवायला गाडी छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली. ब्लोअर चारवर, आवाज घरघर. पण समोरच्या जाळीतून झुळूकसुद्धा येत नाही. सगळी हवा कुठे पायावर, नाहीतर काचेवर. दहा-पंधरा वर्षे जुन्या गाडीत हे नेहमीचे दुखणे आहे. गाडीवाल्याचा पहिला अंदाज एकच असतो, ‘गॅस संपला.’ मग गॅस भरला जातो, पैसे जातात आणि हवा मात्र पायावरच राहते.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती काढल्याशिवाय नुसता गॅस भरण्यात अर्थ नाही. पण हवा चुकीच्या जागी जात असेल, तर गॅसचा काही दोष नाही. दोष डॅशबोर्डच्या आतल्या झडपांचा असतो.

आत नेमके काय असते?

डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. ब्लोअर हवा ओढतो आणि कूलिंग कॉइलवरून पुढे ढकलतो. पुढे वाटेत हीटर असतो, त्यातून इंजिनचे गरम पाणी फिरते. या वाटेवर मुख्यतः तीन कामांच्या झडपा असतात. एक ठरवते, हवा बाहेरची घ्यायची की गाडीतलीच फिरवायची. दुसरी ठरवते, हवा हीटरवरून किती जाऊ द्यायची. तिसरी ठरवते, हवा तोंडावर, पायावर की काचेवर सोडायची.

जुन्या साध्या गाड्यांत या झडपा केबलने हलतात. सायकलच्या ब्रेकसारखीच रचना : वर प्लास्टिकची नळी, आत तार. एक टोक नॉबला किंवा सरकत्या दांडीला, दुसरे झडपेच्या बाहेरच्या दांडीला. केबलची वरची नळी एका छोट्या क्लिपने जागेवर धरलेली असते. ही क्लिप सुटली की नॉब फिरवल्यावर अख्खी केबलच मागेपुढे होते, झडप जागची हलत नाही. उन्हाने कडक झालेले प्लास्टिक आणि खराब रस्त्याचे हादरे एवढे कारण त्याला पुरते.

दोष कसा ओळखायचा?

गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढून उभी करा. एसी आणि ब्लोअर चालू करून पाच-दहा मिनिटे थांबा. मग नॉब एकेका खुणेवर न्या आणि तोंड, पाय, काच अशा तिन्ही जागी हात धरा.

• पायाशी हवा गार लागते, पण समोर येत नाही : गॅस ठीक, दिशेची झडप अडकलेली.
• समोर हवा भरपूर, पण कोमट : हीटरची झडप अर्धवट उघडी राहिली असू शकते. तिचा नॉब पूर्ण गारकडे नेऊनही फरक पडत नसेल, तर आधी तिची केबल पाहा. ती ठीक असेल तरच गॅसची तपासणी.
• नॉब एकदम सैल फिरतो : केबल निसटली किंवा तुटली.
• नॉब जड जातो : तार गंजली किंवा झडपेत काही अडकले. जोर लावू नका, नॉबच तुटतो.
• नॉबऐवजी बटण आहे आणि आतून टिक-टिक आवाज येतो : झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते झिजलेले असतात. मोटर बदलावी लागते.
• कुठूनच नीट हवा येत नाही : फिल्टर असेल तर तो आधी काढून पाहा, कचऱ्याने भरलेला असेल.

केबल घरी बसवता येते

इंजिन बंद करा. चावी ऑनवर ठेवून फक्त ब्लोअर चालू राहू द्या. डावीकडचा कप्पा काढा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली येतो. बॅटरी मारून पेटीच्या बाजूने दांड्या आणि केबली शोधा. काही गाड्यांत दिशेची दांडी ड्रायव्हरच्या पायाच्या बाजूला असते.

ती दांडी हाताने हळू हलवा. हवेची जागा बदलली तर झडप चांगली आहे, काम फक्त केबलचे. नॉब एका टोकाला न्या, दांडीही त्याच टोकाला न्या. तारेची कडी दांडीत अडकवा, केबलची नळी ताणून क्लिप दाबा. क्लिप तुटली असेल तर केबल टायने नळी त्याच जागी घट्ट बांधा. तार मात्र आत मोकळी सरकली पाहिजे. कप्पा लावण्याआधी सगळ्या खुणा एकदा फिरवून पाहा.

दांडी हलवूनही फरक पडत नसेल, किंवा जाळीतून काळ्या फोमचा चुरा उडत असेल, तर झडपेवरचा फोम कुजला आहे किंवा झडप मोडली आहे. त्यासाठी बहुतेक वेळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम एसीच्या मेकॅनिकचेच.

दोन ठिकाणी हात घालू नका. एसीच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे नट ढिले करू नका. आणि एअरबॅगच्या गाडीत पिवळ्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले, तर तिथेच थांबा.

उंदीर, पाचोळा आणि मोबाइल

शेतातल्या शेडमध्ये मक्याच्या किंवा सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभ्या गाडीत उंदीर शिरतात. काचेखालच्या जाळीतून ते ब्लोअरपर्यंत जातात आणि कापूस, चिंध्या, पाचोळा भरून घर करतात. काचेखालचा पाचोळा दर आठवड्याला काढा. गाडी उभी करताना नॉब ‘आतली हवा’ या खुणेवर ठेवला, तर बाहेरची वाट बऱ्यापैकी बंद राहते.

जाळीच्या पट्ट्यांना मोबाइलचा स्टँड अडकवायची सवयही महागात पडते. वजनाने पट्ट्यांची बारीक जोडपट्टी तुटते आणि जाळी खाली मान टाकते. गार हवा जड असते, ती खालीच उतरते. म्हणून पट्ट्या थोड्या वर करा; गारवा मागच्या सीटपर्यंत पोहोचतो.

खरा धोका पावसाळ्यात

उन्हाळ्यात ही झडप फक्त घाम काढते. पावसाळ्यात ती जिवावर बेतू शकते. कन्नडच्या घाटात रात्री पाऊस, गाडीत पाच माणसे; त्यांच्या श्वासाने काच आतून धुरकट होते. तेव्हा हवा काचेवर, बाहेरची हवा आत आणि एसी चालू, असे तिन्ही हवे. कूलिंग कॉइलवर हवेतले पाणी सुटते आणि कोरडी हवा काचेवर जाते, म्हणून काच लवकर साफ होते. पण झडप पायावरच अडकली असेल, तर ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडके धरतो. समोरून ट्रक येत असताना ते परवडणारे नाही.

म्हणून पेरणीआधी जसे आपण पेरणी यंत्र तपासतो, तशी गाडीतली ही नॉब एकदा फिरवून पाहा. हवा तोंडावर, पायावर आणि काचेवर, तिन्ही ठिकाणी सांगितल्याबरोबर गेली पाहिजे. मेकॅनिककडे जावेच लागले, तर ‘गॅस भरा’ म्हणू नका. ‘हवा गार आहे, पण पायावरच येते, आधी केबल बघा,’ असे सांगा. तेवढ्या एका वाक्याने गॅसचा फुकटचा खर्च वाचू शकतो.