चौकट : डोक्याला मार, शिक्षा किती?

१२ ऑगस्ट २०२३, ट्विकनम. इंग्लंडच्या रग्बी संघाचा कर्णधार ओवेन फॅरेल याचा खांदा वेल्सच्या टेन बाशमच्या डोक्यावर आदळला. पिवळं कार्ड निघालं. पडद्यावर प्रसंग पुन्हा तपासून ते लाल झालं. तीनच दिवसांनी शिस्तपालन समितीने ते रद्द केलं. कारण? इंग्लंडच्याच जेमी जॉर्जमुळे बाशमची दिशा ऐनवेळी बदलली.

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने अपील केलं. अपील समितीचा मुद्दा एकच, पण कळीचा : फॅरेलने प्रतिस्पर्ध्याला हातांनी कवेत घेण्याचा प्रयत्नच केला नव्हता. टॅकल मुळातच नियमबाह्य, मग सवलत कसली? चार सामन्यांची बंदी. विश्वचषकाचे पहिले दोन त्यातच गेले. माझ्या मते निकाल योग्यच. मेंदूला बसलेला हिसका धडक देणाऱ्याचा हेतू बघत नाही.

आइस हॉकीत हा वाद जुना. मार्च २०१० मध्ये मॅट कुकने प्रतिस्पर्धी संघाच्या मार्क सव्हार्डच्या डोक्यावर धडक दिली. सव्हार्ड बर्फावर निपचित पडला. कुकला एका सामन्याचीही बंदी नाही, कारण तेव्हा ती धडक नियमात बसत होती! त्यानंतरच ‘एनएचएल’ या आइस हॉकी लीगमध्ये डोक्यावरच्या अशा धडका रोखणारा नियम ४८ आला.