आवाजावरून गायक ओळखताना

१९५६ पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी दूर गेली; पण येथील जुन्या मराठी घरांतील रेडिओ काही नागपूर केंद्र सोडावयास तयार नव्हते. त्यांवरील नाट्यगीतांनीच माझ्या पिढीचे कान घडविले. गणेशोत्सवातील एका रात्री आमच्याकडे एक खेळ ठरलेला असे. ध्वनिफीत लावावयाची, पाच-सहा सेकंदांत थांबवावयाची आणि गायक कोण ते सांगावयाचे. या खेळात अजिंक्य असत ते आमचे काका. काका नात्याने नव्हेत, शेजारधर्माने, पेशाने शिक्षक. शब्द सुरू होण्यापूर्वी नुसत्या आकारावरून ते नाव सांगत. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात स्वरयंत्राची रचना शिकलो, तेव्हा काकांचे रहस्य आता उलगडेल असे मला वाटले. ते निम्मेच उलगडले.

हे निम्मे आपणां डॉक्टर मंडळींस परिचित आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने स्वरतंतू कंप पावतात. त्यांची लांबी पुरुषांत सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर, तर स्त्रियांत एक ते दीड सेंटिमीटर असते. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीचे दोनशेच्या आसपास कंप पावतात. मात्र हा मूळ ध्वनी केवळ गुणगुण असतो. घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्या त्यातील काही कंपने उचलून धरतात, काही दाबतात. त्यातून आवाजाची जात ठरते. या पोकळ्यांची घडण प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे दोन गायकांनी एकाच पट्टीत एकच षड्ज लावला, तरी तो दोन माणसांचा म्हणून ऐकू येतो. पाश्चात्त्य ऑपेरातील गायक तालमीने सुमारे तीन हजार कंपनांच्या पट्ट्यात आवाजाला विशेष धार आणतात; त्यामुळे मोठ्या वाद्यवृंदावर मात करून, ध्वनिक्षेपकाशिवाय तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. आमच्या संगीत रंगभूमीचे जुने नटही ध्वनिक्षेपकाशिवायच गात असत.

आता अडचण पाहा. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग या एकाच ध्वनिमुद्रकाने मिलानमध्ये ऑपेरागायक कारुसो यांचे आणि कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि आवाजाच्या वरच्या व खालच्या कंपनांचा मोठा भाग तबकडीवर उमटतच नसे. गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत, ते तबकडी कोणाची हे कारखान्यात कळावे म्हणून. परंतु जाणत्या श्रोत्याला त्या घोषणेची गरज भासत नाही. टेलिफोनचेही तसेच आहे. साध्या टेलिफोनवर पुरुषाच्या आवाजातील मूळ कंपने येतच नाहीत. तरीही ‘हॅलो’ म्हणताच आपण माणूस ओळखतो. म्हणजे आवाजाची जात एवढी कापली गेल्यावरही ओळख शिल्लक राहते. ती कशात असते?

काका म्हणत, “आवाज ही शाई आहे, गाणे हे हस्ताक्षर. शाई बदलली तरी वळण बदलत नाही.” हे वळण पकडण्यासाठी ते चार प्रश्न विचारावयास सांगत. स्वर लावला कसा? श्वास घेतला कोठे? शब्द उच्चारला कसा? आणि स्वर सोडला कसा?

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एकाच नाटकात दोन वळणे समोरासमोर उभी राहिली. केशवरावांचा स्वर चढा, तेजस्वी, थेट लागणारा. बालगंधर्वांचा स्वर मृदूपणे लागून शब्दाच्या अर्थाभोवती लडिवाळपणे फिरणारा. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले.

मास्टर दीनानाथांचे वळण आणखी निराळे. अनपेक्षित झेप आणि विजेसारखी तान ऐकली की नाव विचारावे लागत नाही. वसंतराव देशपांडे यांनी त्या गायकीचा संस्कार मनोमन घेतला होता. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ मधील त्यांचे खाँसाहेब ऐकताना तो जाणवतो. तरी वसंतरावांना दीनानाथ समजण्याची चूक कोणी करीत नाही. वसंतराव नागपुरात वाढले आणि नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचे, याचा आम्हां बालाघाटकरांना उगाचच अभिमान.

श्वासाचे उदाहरण आपल्याच मध्य प्रदेशातले आहे. कुमार गंधर्व बालपणी मोठमोठ्या गायकांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करीत. पुढे क्षयरोगाने त्यांना गाठले आणि १९४८ मध्ये ते देवासला आले. काही वर्षे गाणे बंद राहिले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. परत आलेल्या गाण्यात छोटे छोटे स्वरसमूह, अवचित उसळणारा स्वर आणि मधली बोलकी शांतता होती. आजाराने श्वास आखडला हे खरे. पण त्या आखडलेल्या श्वासातून जी शैली उभी राहिली ती प्रतिभेची होती. दुसऱ्याची नक्कल करणाऱ्या त्या मुलाचे स्वतःचे वळण आज दोन सेकंदांत ओळखू येते.

ओळखण्याचे हे काम मेंदूत, मुख्यतः उजव्या कानशिलामागील भागात, चालते. नवजात अर्भक आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजांतून निवडते, हे १९८० च्या एका प्रयोगात दिसून आले. उलट त्या भागाला इजा झाल्यास काही रुग्णांना शब्द नीट कळतात, पण बोलणारा कोण हे कळत नाही.

आता थोडे अप्रिय सांगावयाचे आहे. काही वर्षांपूर्वी काकांचा आवाज बसला. आमची भेट जवळजवळ रोजची. मी दोनदा सर्दीचे औषध आणि गुळण्या सांगून मोकळा झालो. ते पूर्वी तंबाखू खात आणि विडीही ओढत, हे मला ठाऊक होते. शेवटी बाहेरगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीने मला फोन केला, “डॉक्टर, बाबांचा आवाज त्यांचा वाटत नाही हो.” तिने त्यांना दीड महिन्यानंतर ऐकले होते, मी रोज ऐकत होतो, म्हणूनच मला ऐकू आले नव्हते. नागपूरला दुर्बिणीने तपासणी झाली. उजव्या स्वरतंतूवर कर्करोगाची लहानशी गाठ होती. सुदैवाने प्राथमिक अवस्थाच होती; किरणोपचाराने ते बरे झाले.

बालगंधर्वांना एका आकारात ओळखणारा मी, समोरच्या माणसाच्या आवाजातला बदल ओळखू शकलो नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि व्यवसायबंधूंनाही तो पाळण्याची विनंती करतो. बसलेला आवाज तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही, तर स्वरयंत्राची तपासणी झालीच पाहिजे. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत तर त्याहूनही लवकर. आणि घरच्यांना, विशेषतः दुरून फोन करणाऱ्यांना, विचारावे, “आवाज पूर्वीसारखाच वाटतो ना?” स्वरतंतूचा कर्करोग आवाज बदलून लवकर सूचना देतो, आणि या अवस्थेत सापडलेले बहुतांश रुग्ण बरे होतात.

काकांचा आवाज आता घोगरा आहे. गेल्या गणेशोत्सवात त्यांनी अनोळखी क्रमांकावरून फोन केला. नाव सांगितले नाही. फक्त “ऐका हं” एवढेच म्हणाले, त्यांच्या सवयीप्रमाणे ‘ऐ’ लांबवून. शाई पार बदलली होती. वळण तेच होते.