प्लॅन वाढवून वायफाय वाढत नाही

"नेट अडकतंय? मोठा प्लॅन घ्या." पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी देवकरपासून इंदापूरपर्यंत, आणि पलीकडे बारामतीतही, हा सल्ला कुणीही कुणालाही देतो. केबलवाला देतो, मोबाईलचा दुकानदार देतो, पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या फोनवरून देतो. त्यावर विश्वास ठेवून ४० एमबीपीएसचा प्लॅन १००चा होतो, १००चा २००चा होतो. महिन्याचं बिल वाढतं आणि आतल्या खोलीत मुलीचा ऑनलाइन क्लास आधी जिथे अडकत होता तिथेच अडकतो. मग शेवटचा निष्कर्ष ठरलेला: "शंभरचे पैसे घेतात आणि वीस देतात." कंपन्या कधी कधी कमी देतातही, त्याबद्दल पुढे येईलच. पण पुष्कळ घरांत कंपनीने शंभर दिलेले असतात आणि ते दारातच राहिलेले असतात.

घरातल्या नेटचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा ऑपरेटरच्या ऑफिसातून निघतो, खांबाखांबावरून येतो आणि भिंतीवरच्या डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, संपतो. हा फायबरचा टप्पा. दुसरा त्या डब्यापासून तुमच्या हातातल्या मोबाईलपर्यंत, हवेतून. प्लॅनचे पैसे पहिल्या टप्प्याचे असतात. दुसऱ्या टप्प्याचा वेग ठरवतात तो डबा, तुमचा मोबाईल, मधल्या भिंती आणि अंतर. मोबाईलवर केलेली स्पीड टेस्ट हे दोन्ही टप्पे एकत्र मोजते आणि त्यातला जो कमजोर असेल त्याचा आकडा दाखवते. उजनीच्या बॅकवॉटरवरून आणलेली पाइपलाइन चार इंचीची सहा इंची केली, पण झाडापाशी तीच जुनी ठिबकची नळी ठेवली, तर झाडाला पाणी किती वाढेल? इथे नेमकं तेच होतं.

आता आकडे बघू, कारण त्यांच्याशिवाय हे कुणाला पटत नाही. कनेक्शनसोबत मिळणाऱ्या साध्या डब्यांपैकी अनेकांत फक्त २.४ गिगाहर्ट्झची पट्टी असते. या पट्टीच्या नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ चॅनेलवर, एकाच अँटेनाच्या वायफाय ४ मोबाईलचा डब्याशी जोडणीचा कमाल वेग ७२ एमबीपीएस असतो. तोही कागदावरचा. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं असतं, शिवाय डेटा पोचल्याची पोच सतत परत पाठवायची असते. त्यात वेग जाऊन हातात निम्म्याच्या आसपास, म्हणजे ४०च्या आगेमागे उरतो. असा फोन डब्याला चिकटवून धरला तरी यापुढे फारसा जाणार नाही. प्लॅन १००चा असो की ३००चा, त्या फोनला त्यातला फरक कळूच शकत नाही. ही कंपनीची लबाडी नव्हे, त्या पट्टीची मर्यादा आहे.

५ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर हेच गणित बदलतं. वायफाय ५ चा एकाच अँटेनाचा फोन तिथे ४३३ एमबीपीएसवर जोडला जातो, म्हणजे हातात निम्मे आले तरी १००चा प्लॅन पुरेपूर वापरता येतो. पण ही पट्टी भिंतींपुढे लवकर दमते. त्याच खोलीत उत्तम, पुढच्या खोलीत बरी, तिसऱ्या खोलीत नाहीशी.

आणि आपली घरं कशी आहेत? गावठाणातल्या जुन्या वाड्याची दगडमातीची भिंत हातभर जाड. नव्या बंगल्याला सळईचा स्लॅब. उसातल्या वस्तीवर घर एकीकडे, गोठा दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये पत्र्याचं शेड. लोखंडी पत्र्यातून रेडिओलहर आरपार जातच नाही, आदळून परत फिरते. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याने भरलेली टाकी, हे सगळं तिच्या वाटेत उभं असतं. एवढं असताना डबा कुठे बसतो? जिथून वायर घरात शिरते तिथे. म्हणजे पुढच्या दारावर, मीटरच्या शेजारी, फार तर सोप्यात टीव्हीच्या मागे. जोडणीला आलेल्या मुलाला दिवसात अनेक घरं उरकायची असतात, वायर वाचवायची असते. तो पुढच्या खोलीत स्पीड टेस्ट दाखवतो, तुम्ही मान हलवता, तो निघून जातो. थोड्या वेळाने मोबाईलवर मेसेज येतो: सेवेला किती तारे द्याल? मुलगा चांगला होता, पाच तारे. कंपनीच्या हिशेबात एक ग्राहक समाधानी झाला. माजघरात नेट पोचलं का, हे त्या मेसेजमध्ये कुणी विचारलेलंच नसतं.

मला संताप येतो तो इथे. कंपन्यांना हे सगळं ठाऊक आहे. एकाच पट्टीचा स्वस्त डबा देऊन त्यावर १०० आणि २००चे प्लॅन विकायचे, आणि ग्राहकाने तक्रार केली की त्याला आणखी वरचा प्लॅन सुचवायचा, याला सेवा म्हणत नाहीत. प्लॅन विकताना "हा वेग तुमच्या मोबाईलवर वायफायने मिळणार नाही, डबा दोन पट्ट्यांचा लागेल" हे एक वाक्य सांगायला काय जातं? सरकारी मोजमापही इथे उपयोगी पडत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६च्या ब्रॉडबँड नियमांत करारातल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा अशी अट होती, पण ती कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या जोडणीला लागू होती. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेले नवे नियमही नेटवर्कचा दर्जा, दुरुस्ती आणि बिल यांचंच माप घेतात. तुमच्या आतल्या खोलीतलं वायफाय कुणाच्याच हिशेबात नाही. म्हणून ते तुम्हालाच तपासावं लागतं.

तपासणी अवघड नाही. कॉलेजला जाणाऱ्या कुणाचा तरी लॅपटॉप आणि एक लॅन केबल घ्या. डब्याला केबलने थेट जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट करा. एकदा दुपारी, एकदा रात्री नऊच्या सुमारास. दोन्ही वेळा प्लॅनच्या जवळपासचा आकडा आला, तर कंपनीची लाइन ठीक आहे आणि दुखणं घरात आहे. दुपारी भरपूर आणि रात्री एकदम कमी आला, तर ऑपरेटरने पुढून घेतलेला वेग त्याच्या ग्राहकांना पुरत नाही. हा सरळ त्याचा दोष आहे, भांडा. आकडा कायम ९४-९५वरच अडून बसत असेल, तर डब्याचं पोर्ट किंवा केबल १०० एमबीपीएसच्या तोडीची आहे, त्यावर २००चा प्लॅन घेणं म्हणजे पैसे टाकून देणं. लॅपटॉप मिळालाच नाही, तर डब्यापासून दोन-तीन पावलांवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झच्या नावाला मोबाईल जोडा आणि मोजा. अंदाज तरी नक्की येतो.

दुखणं घरात निघालं, तर पहिला इलाज फुकटाचा: डबा हलवा. घराच्या मध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. फायबरची वायर आत ओढायला केबलवाल्याला थोडे पैसे द्यावे लागले तर द्या, वरच्या प्लॅनच्या एका वर्षाच्या फरकापेक्षा ते स्वस्तच पडतात. मात्र ही वायर स्वतः वाकवू नका. आत काचेचा तंतू असतो, काटकोनात दुमडला की प्रकाश गळतो. घर लांबट असेल किंवा गोठ्यापर्यंत नेट न्यायचं असेल, तर दुसरा राउटर घ्या आणि पहिल्याला लॅन केबलने जोडा. ही केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. नुसतं सॉकेटमध्ये खोचायचं रिपीटर यंत्र तेच वायफाय ऐकतं आणि तेच पुन्हा ओरडून सांगतं, त्यात वेग साधारण निम्मा होतो.

मुळात लागतं किती, हेही बघू. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे असल्याचं सांगतं. चौघांच्या घरात एकाच वेळी सगळ्यांनी फुल एचडी पाहिलं तरी २० झाले. म्हणजे ज्या ४०च्या प्लॅनला नावं ठेवून तो सोडला, तो पुरत होता.

दुसरा समज वस्त्यांवर पक्का बसलेला आहे: "आम्ही गावापासून लांब, म्हणून आम्हाला स्पीड कमी." तांब्याच्या तारेच्या काळात हे खरं होतं. टेलिफोनच्या लाइनीवरून ब्रॉडबँड यायचं तेव्हा एक्स्चेंजपासून दर किलोमीटरला वेग घटायचा. फायबरमध्ये तसं नाही. घरोघर वापरली जाणारी जीपॉन पद्धत साधारण २० किलोमीटरपर्यंत चालते आणि त्या अंतरात प्रकाश पुरेसा पोचत असेल, तर जवळच्याला आणि लांबच्याला वेग सारखाच. वस्तीवर नेट वारंवार जातं त्याची कारणं वेगळी: खांबावरून लोंबणारी वायर, गाळप हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या डबल ट्रॉलीने ओढून तोडलेली वायर, आणि घाईत मारलेले जोड. प्रत्येक खराब जोडात प्रकाश कमी होतो. "लांब आहे, चालायचंच" हे उत्तर केबलवाल्याकडून ऐकून घेऊ नका. वायर उंच बांधून मागा.

आता बाकीचे समज.

जास्त अँटेना म्हणजे जास्त रेंज, असं नाही. डबा कितीही मोठ्याने बोलला तरी मोबाईलला परत उत्तर द्यावं लागतं आणि मोबाईलची ताकद तेवढीच असते. म्हणूनच कधी कधी रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि पान उघडत नाही.

"शंभरचा प्लॅन, डाउनलोड मात्र बाराच्या वेगाने." ते बरोबरच आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. १००ला ८ने भागा, साडेबारा येतात.

एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर डबा बंद-चालू करून काही होत नाही. प्रकाशच पोचत नाही, बहुधा वायर तुटली आहे, फोन करा.

पिनने दाबायचं रीसेट आणि बटणाने बंद-चालू करणं एकच, हा समज तर फार महाग पडतो. रीसेटने डब्यात भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड पुसले जाऊ शकतात. मग माणूस येईपर्यंत नेट बंद. पिनला हात लावू नका.

लाईट गेली की नेट जाणारच, हेही खरं नाही. खांबावरचा, एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणारा स्प्लिटर विजेवर चालतच नाही. वीज लागते ती ऑपरेटरच्या ऑफिसात आणि तुमच्या डब्याला. डब्यापुरता छोटा डीसी यूपीएस मिळतो. अॅडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा, बहुतेकदा १२, जुळवून घ्या. तरीही नेट गेलं, तर ऑपरेटरकडे बॅटरी का नाही, हे त्याला विचारा.

"शेजारी नेट चोरतात." पासवर्ड घराचा मोबाईल नंबरच ठेवला असेल तर चोरीचीही गरज नाही. मात्र वेग खाणारा बऱ्याचदा घरातलाच असतो: गोठ्यावरचा सीसीटीव्ही, लांबून क्षीण सिग्नलवर जोडलेला. तो हळू बोलतो, म्हणून हवेतला वेळ जास्त अडवतो आणि जवळच्यांनाही ताटकळत ठेवतो. त्याला केबल ओढा.

राउटरच्या लहरींची भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती लेकरांच्या काळजीतून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११मध्ये रेडिओलहरींना "कदाचित कर्करोगकारक" या २-ब गटात ठेवलं, हे खरं आहे. त्यामागचा आधार कानाला लावून जास्त बोलणाऱ्या मोबाईलधारकांच्या अभ्यासांचा आणि मर्यादित होता. त्याच गटात पुढे कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. घरचा राउटर साधारण दशांश वॅटचा, आणि अंतर दुप्पट झालं की अंगावर येणारी ताकद चौथाई होते. उशाखाली मोबाईल ठेवून झोपायचं आणि पलीकडच्या खोलीतला राउटर रात्री बंद करायचा, यात काळजीचा रोखच उलटा आहे.

ग्रामपंचायतीत भारतनेटचं सरकारी फायबर आलं म्हणजे नेट गावात घरोघरी आलं, असं नाही. तिथून घरापर्यंतची जोडणी वेगळी घ्यावी लागते.

राहिला प्रश्न तक्रारीचा. केबलवरची तपासणी करून दोष कंपनीचाच निघाला, तरी "ट्रायकडे तक्रार करतो" या धमकीने काही होत नाही. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. नुसतं केबलवाल्याला फोनवर सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही. तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. २०१२च्या नियमांप्रमाणे त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यानंतर, किंवा थेटही, ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत, असं अजूनही काही जण सांगतात. २००९च्या एका निकालामुळे तसा समज झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात ग्राहक आयोगाला हा अधिकार असल्याचं स्पष्ट केलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि तक्रारीत "वायफाय स्लो आहे" असं लिहू नका, कंपनी लगेच तुमच्या भिंतींकडे बोट दाखवेल. लिहा की लॅन केबलवर, अमुक तारखेला, अमुक वाजता, १००च्या प्लॅनवर इतके एमबीपीएस मिळाले, आणि स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट सोबत जोडा.