कोयता मोजला, माणूस राहिला



हंगाम तोंडावर आला की आपण विचारतो, "यंदा कोयते किती येणार?" माणसं किती, हे कुणी विचारीत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतो नवरा, बोलणं होतं मुकादमाशी. जी दिवसभर मोळ्या बांधते अन् डोक्यावरून गाडीत चढवते, तिचं नाव बहुधा कुठल्याच कागदावर नसतं.

ही माणसं परकी नाहीत. १९७६ साली जायकवाडीचं लोकार्पण झालं. पुढे डाव्या कालव्याच्या पाण्यावर आपल्या जिल्ह्यात ऊस वाढला. गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या पुष्कळ वाड्या-तांड्यांची शेती मात्र कोरडवाहूच राहिली. तिथली बिऱ्हाडं दिवाळीच्या सुमारास तोडीला निघतात. एकाच जिल्ह्यात पाण्याने ऊस लावणारे अन् ऊस तोडणारे असे दोन भाग पाडले.

सहकारात एक सभासद, एक मत. दोन एकरवाला अन् वीस एकरवाला सारखेच. पण तोडणारा ना सभासद, ना हजेरीपटावरचा कामगार.

त्याची किंमत बाया मोजतात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचे आकडे आले : पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, कारण खाड्याचे पैसे कापतात. फडात ना आडोसा, ना धुवायला पाणी.

शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावे कल्याण महामंडळ काढले. २०२१ साली मुलांसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. परंतु नावाची नोंदच नसेल, तर योजना पोचणार कुणापर्यंत?

टोळी वरचे पैसे मागते, ही आपली तक्रार खोटी नाही. आपल्याही खिशाला ते जड जातं. पण उचल फिटता फिटत नाही, हेही तितकंच खरं. हे भांडण फडात मिटणार नाही; दर अन् करार कागदावर, दोघांसमोर आले तरच मिटेल.

तेव्हा वार्षिक सभेत उसाच्या भावावर बोलून झालं की एवढं मागू या : प्रत्येक बाई-माणसाची वेगळी नोंद, कोप्यांजवळ पाणी व संडास, अन् पोरांना जवळच्या शाळेत जागा. आपल्या फडापुरतं पाण्याचं पिंप अन् आडोशाचं बघायला तर ठरावाचीही गरज नाही.