लाकडी होडीला कापड कोणते?

उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे सरकले की इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावच्या काठावर होडी गाळा-दगडांतून ओढावी लागते. लाकडी तळ झिजतो तो तिथे. त्यावर फायबरग्लास चढवायचे तर आधी रेझिन ठरवा, मग कापड. सुट्या तंतूंची मॅट स्वस्त; पण नेहमीच्या मॅटमधला चिकटा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. आणि लाकडाला घट्ट धरते ती इपॉक्सीच! म्हणून महाग पडले तरी विणलेले कापड घ्यावे. लहान होडीला चौरस मीटरला 200 ग्रॅमचे पुरते, घासणाऱ्या तळाला दोन थर. लाकूड मात्र पूर्ण सुकलेले हवे. प्लायवूडवर हे छान बसते. फळ्या जोडलेल्या जुन्या होडीवर नको, कारण फळ्या फुगतात, आकसतात आणि थर सुटतो.