जीपचा फाळका

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे दारच नव्हते. मागचा पत्रा सलग असे आणि त्यावर स्टेपनी टांगलेली असे. शिपाई बाजूने चढायचा आणि बाजूनेच उडी टाकायचा. १९४५ साली कंपनीने शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून सीजे-२ए ही नागरी जीप काढली, तेव्हा मागचा पत्रा कापून तिथे खाली पडणारा फाळका बसवला आणि स्टेपनी बाजूच्या अंगाला नेली. बदल वरवर किरकोळ दिसतो. पण लढाईतली गाडी शेताच्या कामाची झाली त्यात या फाळक्याचा वाटा मोठा आहे. खताची पोती, दुधाचे कॅन, आजारी वासरू, काहीही मागून आत सरकवता येऊ लागले.

आपल्याकडे महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली. १९५३ ची सीजे-३बी ही घडण अमेरिकेत १९६८ मध्ये थांबली. इथे मात्र तिच्या लेकी-नाती पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या. डिझेल इंजिने आली, अंग लांबले, एमएम-५४०, कमांडर अशी नावे पडली, तरी मागचा फाळका आणि त्याच्या दोन साखळ्या जवळजवळ तशाच राहिल्या. बैलगाडी आणि ट्रक हाताळलेल्या माणसाला त्यात नवे काहीच नव्हते. फाळका बंद असला की आकडा त्याला ताणून धरतो, उघडला की साखळी त्याला आडवा तोलते.

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातली दिघोरी मोठी हे चुलबंद-वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानपट्ट्यातले गाव. या मुलखात जुन्या जीपचे हाल कसे होतात ते समजायला रोवणीचे दिवस पाहावेत. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, ओल्या पेंढ्या मागे भरलेल्या, त्यांवर माणसे, आणि जागा संपली की उघड्या फाळक्यावर पाय सोडून बसलेले आणखी दोघे-तिघे. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. मग रात्री तीच गाडी प्रेक्षकांनी ठेचून भरून निघते, आणि कोणीतरी मागच्या पायरीवर लटकलेला असतोच. हा सगळा भार दोन साखळ्या आणि खालचे कब्जे सोसतात. कंपनीने फाळका मालासाठी दिला होता. त्याला बाक आपण केले.

ढिला फाळका प्रथम आवाजाने कळतो. पण आवाज ही त्यातली साधी तक्रार. खरी तक्रार धुळीची. पुढून वारा येतो, मग धूळ मागून कशी शिरते, असा प्रश्न चालवणाऱ्यालाही पडतो. पेटीसारख्या आकाराची गाडी हवा कापत पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीशी हवेचा दाब कमी होतो, आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथेच घुटमळते. हुड लावलेला असेल आणि मागची फट उघडी असेल, तर ती धूळ आत ओढली जाते. धुळीबरोबर सायलेन्सरचा धूरही येतो. मागच्या सीटवरच्या पोरांना ओकारी झाली की आपण घाटाला नाहीतर पोहे-समोशाला दोष देतो. अशा वेळी मागची फट एकदा पाहावी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता डोके जड करतो, हे गमतीत घेण्यासारखे नाही.

दुरुस्तीला गाडी आली की मालकाचे बोट आकड्याकडे असते. आकडा वाकवून द्या, साखळीची एक कडी कमी करा, नाहीतर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. ट्यूबची पट्टी वाईट उपाय नाही. लोखंडावर लोखंड आपटायचे थांबते, आणि मूळ रबर झिजून गेलेले असेल तर तीच खरी दुरुस्ती. पण जुना मिस्त्री आकड्याला हात लावत नाही. तो सांगतो, ‘भाऊ, पयले कब्जे पाहा, मंग कडी.’ फाळका अर्धा उघडून त्याचे एक टोक हाताने वर-खाली हलवायचे. कब्ज्यापाशी चाल दिसली, तर वर कितीही आवळा, चार दिवसांत पुन्हा खडखड. पिन झिजलेली असते, पिनीचे भोक अंडाकृती झालेले असते, आणि फाळका एका बाजूला खाली बसलेला असतो. त्या बाजूचा आकडा मग ओढून-ताणून लावावा लागतो, आणि ताणाने तोच आधी उघडतो. आकडा उघडलेला दिसतो म्हणून दोष त्याच्या माथी बसतो.

भोक मोठे झाले तर दोन वाटा आहेत. जाड पिन घालायची, नाहीतर भोक नीट गोल करून त्यात बुश ठोकायची. बुश पितळेची असेल तर उत्तम, कारण पितळ स्वतः झिजते आणि पिनीला वाचवते. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा जिल्ह्यात हे कोणाला पटवून द्यावे लागू नये. तिसरी वाट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट: कब्जाच वेल्डिंगने भरून टाकायचा. नीट झाले नाही तर पातळ पत्रा तापून वाकतो आणि पुढच्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या कडेनेच गंज धरतो. वेल्डिंग टाळता येणार नसेल तर आधी बॅटरीची तार काढावी आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते पाहून मगच ठिणगी पाडावी.

कब्जे ठाक असूनही फाळका जुळत नसेल तर गाडीखाली शिरावे. बॉडी आणि चॅसिसमधली रबरे बसली की मागचे तोंड तिरके होते. फरशीच्या पत्र्याखालची आडवी पट्टी गंजून खाल्ली गेली असेल, तर कब्ज्याचे बोल्ट धरायला लोखंडच उरत नाही. अशा वेळी फाळक्याचे काम पत्र्याच्या कामात जाते, खर्च वाढतो, मालकाचे तोंड उतरते. तरी हे आधी सांगितलेले बरे.

नागझिऱ्याच्या सफारीत धावणाऱ्या जिप्सींचा मामला निराळा. जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली. तिचे मागचे दार खाली पडत नाही, बाजूला उघडते, आणि त्याच्या पाठीवर स्टेपनी असते. पंधरा-वीस किलोचे ते चाक दर खड्ड्याला कब्जे खाली ओढते. दार पाव बोट खाली उतरले की खटका समोरच्या पट्टीवर आपटू लागतो, आणि चालक दार जोरात लोटायची सवय लावून घेतो. इथे खटक्याच्या जिभेला खडू फासावा आणि दार हळूच लावून पाहावे. पट्टीवर खडू कुठे उमटला त्यावरून ती वर घ्यायची की खाली, हे कळते. पट्टीचे स्क्रू सैल करून ती थोडी सरकवता येते. ग्रीस मात्र बेताने लावावे. जंगलातल्या वाटेवर ग्रीसवर धूळ बसली की त्याचे कानशीच्या भुकटीसारखे काहीतरी होते आणि खटका आतून झिजत जातो.

जीप असो की जिप्सी, शेवटची आवळणी रिकाम्या गाडीत करू नये. लांब अंगाची जुनी गाडी भरली की मागून किंचित बसते, मागच्या तोंडाचे माप बदलते, आणि सपाट जागेवर नेमका लागलेला आकडा रस्त्यावर सैल पडतो. चाळीस किलोचे चार कट्टे धान मागे टाकावे, एक चाक दगडावर चढवून गाडी थोडी पिळावी, फाळका दोन-तीनदा उघड-बंद करून पाहावा, आणि मग आकड्याचा चेकनट आवळावा. कट्टे कोणाच्याही अंगणातून मिळतात. मिस्त्रीला फक्त ते परत उतरवायला एक माणूस लागतो.