कालो आणि ओहाना : हवाई बेटांतील अन्नाचे शब्द

महाराष्ट्रांतील गृहिणीला अळू नवें नाहीं. अळूची वडी, अळूचें फदफदें हे तिच्या नित्याच्या पाकक्रियेंतले पदार्थ. आणि घशाला खाज सुटूं नये म्हणून चिंच घालावयासहि ती विसरत नाहीं. याच वनस्पतीला प्रशान्त महासागरांतील हवाई बेटांत ‘कालो’ म्हणतात. तेथें मात्र पानापेक्षां कंदाचा मान मोठा. कंद शिजवून पाटावर दगडी बत्त्यानें कुटला, कीं होणारा घट्ट गोळा तो ‘पाइआइ’. आणि पाण्यांत कालवला, कीं तोच ‘पोइ’. हेंच त्या लोकांचें परंपरेचें मुख्य अन्न. मुख्य अन्नाला ‘आइ’ आणि मासळीला ‘इआ’ म्हणतात. आणि आइबरोबर खावयाचें कोणतेंहि तोंडीलावणें ‘इआ’ या शब्दांतच येतें.

कालोच्या खाचराला ‘लोइ’ असें नांव आहे. ‘औवाइ’ नांवाच्या पाटानें ओढ्याचें पाणी त्यांत येतें, एका खाचरांतून दुसऱ्यांत उतरतें आणि अखेर पुन्हां ओढ्याला मिळतें. पाणी तुंबून तापलें, तर कंद कुजतो. म्हणून वरच्या शेतकऱ्याला खालच्याची आठवण ठेवावीच लागे. गोडें पाणी म्हणजे ‘वाइ’, आणि ‘वाइवाइ’ म्हणजे संपत्ति. मूळ कंदाच्या कडेला फुटणारें पिल्लू तें ‘ओहा’. त्यावरून कुटुंबाला ‘ओहाना’ हें नांव आलें. पुराणकथेप्रमाणें, मृत जन्मलेल्या बालकाला जेथें पुरलें तेथें पहिला कालो उगवला. त्याचा पाठचा भाऊ हालोआ हा मनुष्यांचा पूर्वज होय. म्हणजे कालो हा नात्यानें वडील बंधु ठरतो.

समुद्रकांठीं दगडी बांध घालून मत्स्यतळीं केलेलीं असत. त्यांच्या ‘माकाहा’ या जाळीदार दारांतून भरतीबरोबर लहान मासे आंत येत. तेच पोसून मोठे झाले, कीं त्यांना बाहेर पडतां येत नसे.

इ. स. १८९३ मध्यें राणी लिलिउओकालानीचें राज्य उलथविण्यांत आलें. १८९६ च्या कायद्यानें शाळांत इंग्रजी हेंच माध्यम ठरलें, आणि १८९८ मध्यें बेटें अमेरिकेला जोडलीं गेलीं. तिकडे उसाच्या मळ्यांसाठीं ओढे वळविण्यांत आले. ओआहू बेटावरील वाइआहोले कालवा १९१६ सालीं पुरा झाला. शाळेंतून शब्द गेला आणि शेतांतून वस्तु गेली. कोशांत अर्थ उरतो खरा. पण पाट कोरडा पडल्यावर ‘औवाइ’ म्हणण्याचा प्रसंग कोणाला येणार?

१९७८ मध्यें राज्यघटनेनें हवाईयन भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. १९८४ सालीं ‘पूनाना लेओ’, म्हणजे वाणीचें घरटें, या नांवाची बालशाळा निघाली. वाइआहोलेचा तंटा न्यायालयांत गेला. २००० सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें पाणी ही सार्वजनिक ठेव मानली, आणि त्या ओढ्यांना कांहीं पाणी परत मिळालें. हेएइआ येथील मत्स्यतळ्याचा १९६५ च्या पुरानें फुटलेला बांधहि लोकांनीं पुन्हां उभारला. आतां तेथील मूल चिखलांत पाय रोवून ‘लोइ’ हा शब्द शिकूं शकतें. कालोप्रमाणें भाषेलाहि वाहतें पाणी लागतें, हेंच खरें.